अडथळा नाही

विष्णू सरांच्या अहवालात रिकामा रकाना सापडला, असं वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तलासरीकडच्या अकरा शाळांचे ते केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुख म्हणजे शिकवणं सुटलेला आणि लिहिणं मागे लागलेला मास्तर. वरून विचारणा यायची, रोपं किती लावली, किती जगली; आणि सर एका बैठकीत अकरा शाळांची रोपं जगवून टाकायचे. खड्डा तरी खणला होता का, हे बघायला कोण येतंय? हे पाप एकट्या विष्णू सरांचं नव्हे. रकाना वरून येतो आणि खालून भरून जातो, अशी रीतच पडून गेली होती. बाकीचे तो कसाबसा भरायचे, सर मन लावून भरायचे, एवढाच काय तो फरक.

माणूस वाईट नव्हता. डहाणूहून रोज मोटारसायकलने जायचा, पावसापाण्याला भ्यायचा नाही, मास्तरांची अडलेली रजा मंजूर करून आणायचा. कुणाचा चहा प्यायला तर पुढच्या वेळी आपण पाजायचा. फक्त कागदावर उतरलेलं नसेल ते घडलंच नाही, असं त्याला अगदी आतून वाटायचं, आणि या वाटण्यानेच पुढे सगळं वाटोळं केलं.

सरांची मुलगी सई. एकुलती एक. २०१६ साली दहावीला तिला छप्पन्न टक्के पडले. सरांची बायको वसुमती डहाणू स्टेशनात तिकिटाच्या खिडकीत बसायची. त्या जूनमध्ये ओळखीचा जो येईल तो खिडकीत वाकून विचारायचा, "सईला किती, वहिनी?" वसुमती तिकिटाबरोबर टक्केही सरकवून द्यायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते सरांना. शेजारच्या तलाठ्याच्या मुलाला एक्क्याण्णव होते, समोरच्या स्टेशन मास्तरांच्या मुलीला अठ्ठ्याऐंशी. पेढे खाऊन खाऊन सरांचं तोंड कडू झालं होतं. गणितापासून सुटका म्हणून सईला अकरावी आर्ट्सला घातलं, तर तिथेही चौपन्न.

पण सईकडे मार्कांखेरीज एक गोष्ट होती. नववीत असताना एका रविवारी सर तिला करवंदपाड्याला घेऊन गेले होते. करवंदपाडा म्हणजे हायवेच्या अलीकडे टेकाडाच्या अंगाला तीसेक घरं आणि एका खोलीची शाळा. पहिली ते चौथी मिळून चौदा पोरं, आणि देवजी नावाचे एकच मास्तर, तेही शेजारच्याच पाड्यातले. त्या दिवशी सईने पोरांपुढे पुस्तक धरलं आणि पोरं गप्प. पुस्तकातली भाषा त्यांच्या घरातली नव्हती. मग सईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा काहीतरी." एका पोराने चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, गोष्ट सांगितली. सईने ती त्याच्याच बोलीत, जशीच्या तशी, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहिली, खाली सोप्या मराठीत तीच गोष्ट लिहिली, आणि पोराला म्हणाली, काढ आता चित्र. पानं सुईदोऱ्याने शिवली. पुढच्या रविवारी ते पोर ती वही घडाघडा वाचत होतं. वाचणारच! गोष्ट त्याचीच होती.

तेव्हापासून सई दर रविवारी सकाळच्या एसटीने करवंदपाड्याला जाऊ लागली. परीक्षा असो, ताप असो. तीन वर्षांत त्रेचाळीस वह्या झाल्या. गणितात ढ असणारी ही मुलगी तिथे ओट्यावर बसली की चौदा पोरं तिच्या अंगावर चढायची. त्यातली शुक्री तर मांडीवरून उठायचीच नाही. शुक्रीची आई सोमी चिकूच्या वाडीत मजुरीला जायची, बाप झाई बंदरातल्या बोटीवर खलाशी. आठ-आठ महिने तो दिसायचा नाही. सोमी म्हणायची, "ताय, ही आखी रात बडबडते. तुमी येता ना, ती गोष्ट सांगते माला." सईला हे ऐकून इतका आनंद व्हायचा की परतीच्या एसटीत उभं राहावं लागलं तरी तिला कळायचं नाही.

सर हे सगळं कौतुकाने बघायचे, पण मोजायचे नाहीत. कशात मोजणार? त्याला रकानाच नव्हता.

२०१७ च्या जुलैत वापीला एका हॉलमध्ये सेमिनार होता. सर सईला घेऊन गेले. टाय लावलेला एक गृहस्थ स्टेजवर येरझाऱ्या घालत सांगत होता, दिल्लीच्या बाजूला आता अशा युनिव्हर्सिट्या निघाल्यात, ज्या नुसते मार्क बघत नाहीत, माणूस बघतात. मुलाने शाळेबाहेर काय केलं ते बघतात. गरजूंना फीची सवलतही देतात. फक्त शंभरातल्या चार-पाच मुलांना घेतात. मागून कुणीतरी विचारलं, मार्क कमी असतील तर? गृहस्थ थांबला. "मार्क वीक असतील तर ॲक्टिव्हिटी स्ट्राँग पाहिजे. आणि नुसती ॲक्टिव्हिटी नाही. एव्हिडन्स. इम्पॅक्ट." सरांनी डायरीत दोन्ही शब्द लिहिले आणि खाली रेघ मारली. सईच्या बाबतीत पहिल्यांदाच कुणीतरी असं काही मागत होतं, जे सरांना येत होतं. येताना ते उंबरगावपर्यंत गाणं गुणगुणत आले.

सईचा विचार साधा होता. वह्यांचे फोटो पाठवायचे आणि आपण काय केलं ते लिहायचं. सरांना ते पटेना.

"दर रविवारी, चौदा पोरं, ओट्यावर. सई, हे वाचून तिथे कोण हुरळून जाणार आहे? इम्पॅक्ट कुठे दिसतोय यात?"

"मग काय लिहू?"

"तू काही लिहू नकोस. मी बघतो."

आणि सरांनी बघितलं. हायवेच्या पलीकडे कोसेगावला मोठी शाळा होती, तिथे नवी खोली बांधली होती, पाटी लावायला चांगली भिंत होती. सरांनी तिथे 'वाचन केंद्र' अशी पाटी लावली. पंधरा ऑगस्टला टेम्पो करून करवंदपाड्याची चौदाच्या चौदा पोरं कोसेगावला आणली, पाटीखाली बसवली, मध्ये सई, हातात वह्या, फोटो काढले, लाडू दिले, आणि टेम्पोनेच परत सोडली. मग आपल्या सुबक अक्षरात प्रमाणपत्र लिहिलं: 'कु. सई हिने सुरू केलेल्या वाचन केंद्राचा लाभ करवंदपाडा येथील सर्व विद्यार्थी दररोज घेत असून, त्यासाठी ते कोसेगाव येथे नियमितपणे ये-जा करतात.'

सईने वाचलं. "बाबा, रोज कुठे? आणि तो हायवे ओलांडून कशी येतील ती?"

"अगं, फॉरमॅटमध्ये असंच लिहितात. आणि दिल्लीहून कोण मोजायला येतंय?"

शेवटी सईनेच तो कागद स्कॅन करून वह्यांच्या फोटोंबरोबर अपलोड केला, हेही सांगायला हवं.

गोष्ट इथे थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण कागदावर जावक क्रमांक नसला की सरांना तो कागद उघडा वाटायचा. त्यांनी क्रमांक घातला, एक प्रत केंद्राच्या फायलीत लावली, आणि सरकारी शाबासकी मिळाली तर दिल्लीत आणखी वजन पडेल म्हणून तोच मजकूर 'नावीन्यपूर्ण उपक्रम' या नावाखाली वरच्या ऑफिसला पाठवला. महिनाभरात वरून अभिनंदनाचं पत्र आलं. वसुमतीने ते देवाजवळ ठेवलं, दुसऱ्या दिवशी सईने तेही अपलोड केलं. सर खूश होते. तलाठी भेटला की ते आता मान वळवत नव्हते.

डिसेंबरात कमी पटाच्या शाळांची यादी आली. ज्या शाळेत मुलं थोडी आणि जवळ दुसरी शाळा आहे, ती बंद करून मुलं तिकडे पाठवायची. प्रत्येक शाळेसाठी एक तक्ता होता. अंतर किती, वाट कशी, आणि शेवटचा रकाना: 'नजीकच्या शाळेत ये-जा करण्यास अडथळा आहे काय? असल्यास नमूद करावा.'

करवंदपाड्याचा तक्ता समोर आला तेव्हा सरांना विचार करायचं कारणच नव्हतं. करवंदपाडा आणि कोसेगावच्या मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवे होता. सहा पदरी. पूल नाही, सिग्नल नाही, दुभाजकाला एका ठिकाणी तोडलेला कट, आणि त्या कटातून मोठी माणसंसुद्धा जीव मुठीत धरून पळत. सरांनी पेन उघडलं. शेजारी मनिष नावाचा क्लार्क बसला होता, तरुण, कामाला चोख. तो म्हणाला, "सर, करवंदपाड्याचं तर सोपंच आहे ना? तुमचाच अहवाल आहे फायलीत. पोरं रोज जातात कोसेगावला. साहेबांनी अभिनंदन पण केलंय."

तो खवचटपणे बोलला नाही. त्याला खरंच सोपं वाटलं होतं.

सर मनाशी हिशेब मांडू लागले. हायवे लिहिला, तर मग ऑगस्टपासून चौदा पोरं रोज तो कशी ओलांडत होती? अहवाल खोटा म्हणायचा, तर प्रमाणपत्र खोटं, अभिनंदन खोटं. चौकशी. आणि सईचा अर्ज तिकडे दिल्लीत, पहिल्या चाळणीत. त्यांना सईचे छप्पन्न टक्के आठवले, चौपन्न आठवले, तलाठ्याच्या घरचे पेढे आठवले. या मुलीला जगात एकच दार किलकिलं झालंय, आणि ते आपल्याच हाताने लावायचं? त्यांनी लिहिलं: 'अडथळा नाही.'

अक्षर नेहमीसारखंच आलं. लिहून झाल्यावर त्यांना हायसं वाटलं, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हायसं वाटण्याची.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सई पाड्यात पोचली तेव्हा शाळेसमोर टेम्पो उभा होता. वजनकाटा, कपाट, घंटा, फळा, सगळं त्यात चढत होतं. पोरांना मजा वाटत होती. बायका शाळेच्या कुडाला टेकून बसल्या होत्या. सोमी देवजी मास्तरांना म्हणत होती, "मास्तर, तो रोड नाय थांबत कोनासाठी. आमी पोरां कशी धाडायची?" देवजींनी खिशातून आदेश काढला. त्यांची बदली दूरच्या शाळेत झाली होती, आणि आवाजात आता ना राग होता ना आशा. त्यांनी वाचून दाखवलं: 'सदर वस्तीतील विद्यार्थी मागील शैक्षणिक सत्रापासून कोसेगाव येथे नियमितपणे ये-जा करीत असल्याचे प्राप्त अहवालावरून दिसून येते.' मग कागद सईपुढे धरून म्हणाले, "ताई, हे कधी झालं? मला तर माहीत नाही."

सईला ते वाक्य ओळखीचं होतं. ती त्यांच्याकडे बघू शकली नाही.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, आपला कागद आहे तो."

"आदेश वरून आलाय, सई."

"वर कुणी पाठवला?"

सर खालच्या आवाजात म्हणाले, "आता काही बोललो तर नोकरीवर येईल, आणि तुझा अर्जही जाईल. तुझं ॲडमिशन होऊ दे. मग मी स्वतः लिहितो, हायवे आहे म्हणून. शाळा परत उघडतात, असं नाही की उघडत नाहीत. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"चार महिने ती रोज ओलांडणार?"

"आया आहेत ना बरोबर."

सईने चपला काढल्या आणि आत गेली. ती रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. पण वर कुणाला काही कळवलं नाही. अर्ज पहिल्या चाळणीतून सुटला होता, आणि आपण तिथे जाऊ शकतो असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला याबद्दल नावं ठेवणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

पाड्यातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. रोज दोघींनी पोरं कटापर्यंत न्यायची, हात धरून साखळी करायची, गाड्यांची रांग जरा तुटली की पळायचं. संध्याकाळी परत तसंच. पहिल्या आठवड्यातच नऊ पोरांनी शाळा सोडली. काहींचे आईबाप वीटभट्टीवर निघाले, काहींनी सरळ सांगितलं, नको ती शाळा. उरली पाच. शुक्री त्यात होती. तिला दुसरीचं पुस्तक संपवायचं होतं.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला पाळी सोमीची होती. वाडीत चिकू उतरवायचा होता, मुकादमाने पहाटेच बोलावून नेलं. पाळीतल्या दुसऱ्या बाईच्या अंगात ताप होता. पोरं आपली आपण निघाली. चौघं दुभाजकापर्यंत पोचली. शुक्रीच्या दप्तराचा बंद तुटला होता, ती ते छातीशी धरून पळत होती. गुजरातकडून येणाऱ्या टँकरला तिच्यासाठी थांबता आलं नाही.

सर सोमीच्या घरी गेले. जायलाच हवं होतं, त्यांच्या केंद्रातली विद्यार्थिनी. सईही मागे बसून आली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, बाप अजून झाईहून पोचला नव्हता. सरांनी वाटेत वाक्यं जुळवली होती, मदतीचा प्रस्ताव, विमा, अर्ज कुठे करायचा. सोमीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती सईला म्हणाली, "ताय, रविवारी येशील ना गं? ती वाट बघते."

सई घराबाहेर जाऊन ओकली. सर तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर तिने तो झटकला. तेव्हापासून बापलेकीत बोलणं उरलं ते मीठ दे, गॅस बंद कर, एवढंच. सई बारावीची परीक्षा देऊन आली, पेपर कसे गेले हे कुणी विचारलं नाही. रविवारी ती घराबाहेर पडेना.

एप्रिलच्या सुरुवातीला मेल आला. अर्ज शेवटच्या फेरीत. अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता मुलाखत, कॉम्प्युटरवरूनच. सरांना मेल वाचून आनंद झाला नाही, भीतीच वाटली. तिथे ही सगळं बोलली तर? आणि मग आठवडाभर त्यांच्या डोक्यात दुसरंच काही शिजत गेलं. बोलू दे. काय होईल? नोकरी जाईल, बदनामी होईल. पण ही पोरगी निदान पुन्हा आपल्याकडे बघेल. अठ्ठावीसच्या सकाळी त्यांनी तिला चहा नेऊन दिला आणि म्हणाले, "सई, जे खरं आहे तेच सांग. माझा विचार करू नकोस. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"बरं," सई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने उत्तर दिलं होतं. सरांना एकदम हलकं वाटलं, आणि आपण चांगले आहोत असंही क्षणभर वाटून गेलं.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता. सर आणि वसुमती स्वयंपाकघरात, दाराआड. वसुमतीने रजा घेतली होती आणि मेथी निवडायला घेतली होती, पण ती देठं टोपलीत आणि पानं केरात टाकत होती. पलीकडून दोन आवाज येत होते, एका बाईंचा आणि एका वयस्कर गृहस्थांचा. इंग्रजी होतं, पण सरांना सगळं कळत होतं.

आधी इकडचंतिकडचं झालं. मग बाई हसून म्हणाल्या, "सई, तुला खरं सांगू? तुझे मार्क बघून आम्ही तुझी फाईल बाजूलाच ठेवली होती. आणि प्रमाणपत्रं वगैरे आम्ही फारशी बघत नाही, सगळ्यांकडे गठ्ठे असतात. मग कुणीतरी तुझ्या वह्यांचे फोटो उघडले. ही कोंबडीची गोष्ट. घरभर शोधतात, गावभर शोधतात, आणि कोंबडी शाळेच्या फळ्यामागे अंड्यांवर बसलेली. आम्ही ती भाषांतर करून घेतली आणि सगळ्या ऑफिसने वाचली. तू आज इथे आहेस ती या वह्यांमुळे."

सरांनी भिंतीला हात लावला. प्रमाणपत्र कुणी बघितलंच नव्हतं.

"ही गोष्ट कुणी सांगितली?" गृहस्थांनी विचारलं.

"शुक्रीने," सई म्हणाली. "सहा वर्षांची होती तेव्हा."

"अरे वा. आता कशी आहे ती?"

वसुमतीचे हात थांबले. सर मनातल्या मनात म्हणत होते, सांग, सांगून टाक बाळा.

"छान आहे," सई म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "तिसरीत गेली ती. रोज शाळेत येते."

"तुझी आठवण काढेल, तू इकडे आलीस तर."

"हो," सई म्हणाली. "वाट बघेल."

आणखी दहा मिनिटं बोलणं चाललं. बाई दोनदा खळखळून हसल्या. शेवटी म्हणाल्या, लवकरच कळवू, काळजी करू नकोस, आणि त्या सुरात काय कळवणार ते उघड होतं. सईने लॅपटॉप मिटला. सर दारात येऊन उभे राहिले.

"सई, मी म्हटलं होतं ना, खरं सांग म्हणून."

"खरंच सांगितलं."

ती उठली. फ्रिजवर सरांचे गठ्ठे होते, केंद्रातल्या सगळ्या शाळांची वार्षिक निकालपत्रकं, आदल्या संध्याकाळी सह्या करून ठेवलेली. तिने मधलं एक काढलं. ते कुठे आहे हे तिला शोधावं लागलं नाही. तिने ते वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचावा तसं सरळ.

"कोसेगाव. इयत्ता दुसरी. अनुक्रमांक अकरा. शुक्री. एकूण कामाचे दिवस दोनशे चौदा, हजर दिवस दोनशे चौदा. वर्तन चांगले. वर्गोन्नत, इयत्ता तिसरी." ती थांबली. "खाली सही तुमची आहे, बाबा."

सरांनी कागद घेतला. पहिली ते चौथी मिळून करवंदपाड्याची चौदाच्या चौदा नावं त्यावर होती. वीटभट्टीवर गेलेली, घरी बसलेली, सगळी हजर, सगळी पास. बंद केलेल्या शाळेची सगळी मुलं नव्या शाळेत टिकली, असा आकडा वर द्यायचा होता. कोसेगावच्या मास्तरांनी तो भरला, आणि सरांनी न वाचता सगळ्या शाळा तासाभरात उरकल्या होत्या. वाचलं असतं तरी कदाचित सही केलीच असती. हे त्यांना कळलं. ते खुर्चीवर बसले.

"त्यांना वह्या आवडल्या होत्या," ते कसेबसे म्हणाले. "तू खरं सांगितलं असतंस, तरी त्यांनी घेतलं असतं तुला."

"हो," सई म्हणाली. "वह्या पुरेशा होत्या."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. सर निकालपत्रक हातात धरून बसून राहिले. वसुमती स्वयंपाकघरात मोठ्याने रडत होती, आणि तिच्याकडे जायचं धैर्य त्यांना झालं नाही.